पोचलो म्हणेपर्यंत

लिंडाल दरी, विस्कॉन्सिन
८ नोव्हेंबर १९८१

प्रिय मारित,

तुझा एल्डन बरा आहे. हे आधी लिहितो, कारण पाकीट फोडल्यावर तू पहिल्यांदा तेच शोधणार.

फोन का करत नाहीस, असं विचारलंस. अगं, अख्खी दरी अजून एकाच तारेवर आहे. आपली घंटी दोन लांब, एक आखूड. पण ती सगळ्या घरांत वाजते आणि सिग्ना हाउगेन ती माझ्याआधी उचलते. परवा मी गुरांच्या डॉक्टरशी सुजलेल्या कासेबद्दल बोलत होतो, तर मधूनच सिग्नाचा आवाज: "त्या डॉक्टरचं काय ऐकतोस आर्विड, गरम पाण्यानं शेक!" तिचं मन वाईट नाही. पण तू कुठे राहतेस, कुठे काम करतेस, हे त्या तारेवरून जाऊ नये. म्हणून पत्रच बरं.

एक मात्र बोलतो. एल्डनला इथे सोडून तू बसनं परत गेलीस, त्यानंतर तुझी घंटी आली नाही. आईचा नियम तू विसरणारी नव्हेस. पोचलं की घंटी एकदा वाजवून ठेवून द्यायची, कुणी उचलायची नाही, घरच्यांना कळतं. मी दोन दिवस फोनच्या आसपास घुटमळत राहिलो. शेवटी तुझं कार्ड आलं.

पोरगा कामाचा आहे. खांदे भरलेत, माझा जुना कोट त्याला आखूड पडतो. बोलतो कमी. धार काढताना एका गायीनं त्याला सणसणीत लाथ घातली. दुसरा कुणी असता तर तिच्या पाठीत बुक्की बसली असती. हा बाहेर गेला आणि चाऱ्याच्या सायलोला कपाळ टेकून उभा राहिला. परत आला तेव्हा दोन्ही हात खिशात.

रविवारी चर्चनंतर शाळेतला कर्टिस आणि त्याची बहीण ज्युनी येतात, आणि तिघं स्वयंपाकघरात एक खेळ मांडतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. कर्टिस गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते फासे ठरवतात. फासे तरी कसले! एकाला वीस तोंडं, एकाला चारच. एल्डन त्यात खुंट नावाचा योद्धा आहे. "ए खुंटा, लेफ्से सरकव इकडे," असं बटाट्याच्या पोळ्या खात चालतं.

तुला सांगायला हवं, की चर्चच्या तळघरात बाहेरगावचा एक वक्ता येऊन गेला. म्हणाला, हा खेळ पोरांना हिंसेची गोडी लावतो आणि सैतानाच्या दाराशी नेऊन सोडतो. सगळ्यांनी कॉफी पीत ऐकलं. मी चर्चची घंटा वाजवणारा माणूस, बोललो काही नाही. पण घरी येताना मन जड होतं. तुझं काय म्हणणं आहे?

तुझा,
आर्विड


मिलवॉकी
१९ नोव्हेंबर १९८१

प्रिय आर्विड,

खेळू दे त्याला. इथे असताना तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आता कुणी त्याच्याकडे लेफ्से मागतंय, ही मला देवाची कृपा वाटते. वक्त्याला सांग, सैतानाला दारं शोधायला फासे लागत नाहीत, तो सरळ जेवायच्या टेबलाशी येऊन बसतो. सांगू नकोस म्हणा. तू सांगणार नाहीसच.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसभर वाफ असते, त्यामुळे थंडी कळत नाही. हात नीट जुळून आलाय, चादरी उचलता येतात. खोलीत आम्ही दोघी राहतो. तिसऱ्याला जागा असती तर एल्डनला लांब ठेवला नसता.

घंटीचं म्हणशील तर, मी विसरले नव्हते. स्टँडवर फोनपाशी उभी राहिले, नाणं हातात होतं. पण पोचले असं वाटेना. खोटी घंटी कशी वाजवायची?

एक काम कर. माझ्याबद्दल कुणीही विचारलं, फोनवर किंवा दारात, तर मारित मिनेसोटाला गेली म्हणून सांग. कुणालाही हेच सांग, कारण विचारू नकोस. आणि टपालपेटी रोज स्वतः उघडत जा. एल्डनला पाठवू नकोस.

त्याला लोकरीचे मोजे पाठवतेय. त्याच्या पायाचं माप आता बापाएवढं, लॉइडएवढं झालंय, म्हणून दुकानात विचार करावा लागला नाही.

तुझी,
मारित


लिंडाल दरी
६ डिसेंबर १९८१

प्रिय मारित,

मी खेळ बंद केला. फासे काढून घेतले, ते माझ्या कोटाच्या खिशात आहेत. तुला राग येईल, पण आधी वाच.

स्वयंपाकघराच्या छतातली जाळी तुला आठवत असेल, खालची ऊब वर जावी म्हणून ठेवलेली. लहानपणी आपण दोघं तिच्यावर पोटावर पडून पाहुण्यांचं बोलणं ऐकायचो. आज दुपारी पन्नाशीला आलेला मी तसाच पडलो. लाज वाटली, तरी पडलो. एल्डन बोलत होता:

"मी मागून जातो. आवाज करत नाही. दोन्ही हातांसकट आवळतो. आणि सोडत नाही."

ज्युनी म्हणाली, "त्याच्या बरगड्या मोडल्या तरी?"

"मोडू देत. सोडत नाही."

तो खेळ आहे हे मला कळत होतं. पण आवाज खेळातला नव्हता. लॉइड आपल्या अंगणात तुझं मनगट धरून बोलायचा, तसा हळू, खालचा, न चढणारा आवाज. मला त्या आवाजाची जेवढी भीती वाटायची तेवढी त्याच्या ओरडण्याची वाटली नाही.

मारित, इतके दिवस लिहिलं नाही ते लिहितो. पोरगा दारातून आत येतो तेव्हा उजेड अडतो, आणि दर वेळी मला वाटतं लॉइड आला. प्रार्थनेला डोळे मिटतो तर त्याचे हात दिसतात. शेजारी ताट धरून बसलेल्या पोराला मी भितो. तुझ्या पोराला! देवासमोर हे कसं मांडायचं ते मला कळत नाही.

फासे मागितले तेव्हा तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं ते एकेक वेचले, माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "मामा, मी तसला नाहीये." मी उत्तर दिलं नाही. आता ते न दिलेलं उत्तर घरभर फिरतंय.

आणखी एक. या आठवड्यात आपली घंटी वाजते, मी उचलतो, आणि पलीकडे नुसता श्वास असतो. एकदा सिग्नानं उचलला होता. ती कडाडली, "कोण रे तू? तोंड आहे की नाही?" तेव्हा ठेवला. मग ती मला म्हणाली, "आर्विड, हा आपल्या दरीतला श्वास नव्हे. आपल्या लोकांचे मी ओळखते." हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तू माझ्यापासून काय लपवते आहेस?

आर्विड


मिलवॉकी
१४ डिसेंबर १९८१

आर्विड,

लॉइड ऑक्टोबरमध्ये सुटला.

तुरुंगातून मला कार्ड आलं होतं, त्यानंतरच मी एल्डनला तुझ्याकडे आणलं. तुला सांगितलं नाही, कारण तू बंदूक भरून दाराशी बसला असतास, आणि एल्डनला तुझ्या तोंडावरून सगळं कळलं असतं. तुला काही लपवता येत नाही रे. लहानपणी साखर मी चोरायचे आणि मार बसायचा, कारण तुझं तोंड बघूनच आईला सगळं कळायचं.

आता पोराचं ऐक. माझा हात मोडला त्या दिवशी एल्डन मध्ये पडला. लॉइडला त्यानं एकदाच ढकललं. लॉइड मागे चुलीच्या कोपऱ्यावर आदळला, डोकं फुटलं, आणि हलेना. एल्डन आपल्या हातांकडे बघत राहिला आणि तिथेच ओकला. बापावर हात उचलला म्हणून नव्हे. ढकलताना बरं वाटलं म्हणून. हे त्यानं मला हॉस्पिटलच्या बाकावर सांगितलं. "आई, बरं वाटलं गं मला." तेव्हापासून त्यानं मूठ मिटलेली मी पाहिली नाही. हात खिशात घालतो ते त्यासाठी.

त्या खेळाचं पुस्तक त्यानं मला दाखवलं होतं. तलवार कशी मारायची, गदा कशी फिरवायची, बळ जास्त असेल तर घाव किती खोल जातो, सगळं त्यात आहे. त्यानं पान न् पान वाचून त्यातलं नेमकं एकच उचललं. त्याला ते लोक कव म्हणतात. दोन्ही हातांनी शत्रूला कवेत धरायचं. सगळं बळ लागतं, पण मारता येत नाही. एकही घाव घालता येत नाही. तू जाळीतून ऐकलंस ते हे.

माझा मुलगा बापासारखा दिसतो. मीही त्याला दारात बघून दचकते, आणि ते त्याला कळतं. तू एकटा नाहीस. पण फासे परत दे. आजच्या आज दे.

मारित


लिंडाल दरी
३ जानेवारी १९८२

प्रिय मारित,

फासे त्याच दिवशी दिले. काय बोलायचं ते जुळवत गोठ्यापर्यंत गेलो, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं, "एल्डन, मला शिकवशील का?" तो गायीच्या कुशीला डोकं लावून धार काढत होता. तिथूनच म्हणाला, "तुम्हांला जमणार नाही मामा. तुम्ही फासे टाकायच्या आधी प्रार्थना कराल." मग हसला. इथे आल्यापासून मी त्याला हसताना पाहिला नव्हता. त्याचं हसू तुझं आहे, मारित. लॉइडचं त्यात काहीच नाही.

आज त्यांच्यात बसलो. मला एका म्हाताऱ्या पुजाऱ्याचं काम दिलं. कर्टिस म्हणाला, "काका, तुम्ही फक्त दिवा धरायचा आणि मरायचं नाही." तेवढं जमलं. पुलावर एक राक्षस आला, आणि खुंटानं त्याला कव घातली. तेव्हा नियम समजले. बळाला बळ लावून फासे पडतात. धरणाऱ्याला ढाल नाही, पाठीवर पडेल ते सोसायचं. तोवर बाकीच्यांनी पूल ओलांडायचा. आणि कव कधी सोडायची हे धरणाऱ्यानं ठरवायचं नाही. ज्यांच्यासाठी धरलंय त्यांनी पलीकडून ओरडायचं, "पोचलो!" मग हात सुटतात.

हा नियम पुस्तकात नाही, यांचा स्वतःचा आहे. पूर्वी एकदा एल्डननं अंदाजानं कव सोडली आणि ज्युनीची खेळातली बाई पुलावरच मेली. ज्युनी म्हणाली, "मी आठवडाभर बोलले नाही याच्याशी. आता मी ओरडेपर्यंत मेला तरी सोडत नाही, आणि कधीकधी मी मुद्दाम उशिरा ओरडते." एल्डन म्हणाला, "माहितीये मला." सगळे हसले. मी पण हसलो, आणि आई आठवली. पोचलात की कळवा.

आता दुसरं. टपालपेटीपाशी बर्फात ट्रकच्या चाकांचे माग होते. वळून परत गेलेले. हाउगेनांचा ट्रक नव्हे, त्याचे टायर मी ओळखतो. मी बंदूक भरून दारामागे ठेवली. सकाळी पाहतो तर रिकामी. एल्डन म्हणाला, "गोळ्या मी विहिरीत टाकल्या. बंदूक घरात असली मामा, की ती आधी त्याच्या हातात जाते." म्हणजे त्याला कळलंय. मी सांगितलं नाही; तू म्हणतेस तसं तोंडानं सांगितलं असेल.

ट्रकचा आवाज आला की आम्ही दोघं कामाचं सोडून ऐकतो. तो पुढे गेला की एकमेकांकडे न बघता परत कामाला लागतो. मी प्रार्थना करतो, पण शब्दांवर मन ठरत नाही. कान रस्त्यावर असतात.

अगदीच वेळ आली तर तुला कुठे फोन करायचा?

तुझा,
आर्विड


मिलवॉकी
११ जानेवारी १९८२

आर्विड,

लॉन्ड्रीतल्या फोनचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. पाठ कर आणि पाकीट चुलीत घाल. जिवावरचं असेल तरच कर.

इकडे अजून कुणी आलेलं नाही. पण मी रोज वेगळ्या रस्त्यानं घरी जाते, आणि रस्ते संपत आलेत.

शेरिफच्या माणसाला सांगून ठेव. सांगितलं असशील तर परत सांग.

एल्डनला हे पत्र दाखवू नकोस. फक्त म्हण, मोजे धुताना गरम पाणी घालायचं नाही.

मारित


लिंडाल दरी
२६ जानेवारी १९८२

प्रिय मारित,

शनिवारी तू फोनवर ऐकलंस, पाहिलं नाहीस. म्हणून लिहितो. खांदा बांधलेला आहे, अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच. एल्डनला एक ओरखडाही नाही.

सकाळची धार संपत आली होती. थंडी अशी, की गोठ्याच्या दाराची कडी बोटाला चिकटत होती. एल्डन वर माळ्यावर गवत काढत होता. दार उघडलं, उजेड अडला, आणि मी मान न वळवता म्हणालो, "एल्डन, दार लाव, वारा येतोय."

"एल्डन नाही," तो म्हणाला. तोच आवाज.

तो प्यालेला नव्हता. प्यालेला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. म्हणाला, "आर्विड, तू देवाचा माणूस, खोटं बोलणार नाहीस. माझी बायको कुठे आहे?"

मी म्हणालो, "मिनेसोटाला."

तो हसला. "बघ. तुला तेही धड येत नाही."

मग मला कॉलर धरून खांबावर आपटलं. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखलं नंतर. मी खाली बसलो. त्यानं भिंतीवरचं दाताळं काढलं, माझ्या पोटाशी टेकवलं आणि म्हणाला, "दूधखोलीत फोन आहे. चल, तिला लाव. मी बोलतो. मी येतोय म्हणून सांगतो तिला." मारित, तो नंबर मला पाठ होता, आणि दात आवळूनसुद्धा तो जिभेवर येत होता. एवढीच प्रार्थना केली, की मला विसर पडू दे.

एल्डन शिडीवरून कधी उतरला ते मी पाहिलं नाही. गायींनी माना वळवल्या तेवढं पाहिलं. तो मागून आला आणि बापाला दोन्ही हातांसकट कवेत घेतलं. दाताळं शेणात पडलं. लॉइडनं टाच मारली, डोकं मागे हाणलं, शिव्या दिल्या, मग गोड बोलला, "सोड बाळा, मी बाप आहे ना तुझा." एल्डनचं तोंड बापाच्या पाठीत रुतलेलं होतं, लहान मूल खांद्यावर झोपतं तसं.

मी सरपटत दूधखोलीत गेलो. फोन उचलला तर सिग्ना बहिणीशी बोलत होती. म्हटलं, "सिग्ना, लॉइड आलाय." ती फक्त म्हणाली, "आमचा टिल्मन निघाला. शेरिफला मी लावते. तू जा त्याच्याकडे." आयुष्यभर मी त्या बाईच्या कानांना नावं ठेवली.

परत आलो, आणि माझी भीती एकावरून दुसऱ्यावर गेली. लॉइड शिव्या देत नव्हता. त्याचे ओठ काळे पडत होते, पाय जमिनीला लागत नव्हते. मी म्हणालो, "बस, एल्डन. पुरे." हात सैल होईनात. मी ओरडलो, "तो मरेल रे!" त्याचे डोळे उघडे होते, पण मी त्यांत नव्हतो. तोवर टिल्मन हाउगेन आणि त्याचा भाऊ दोर घेऊन पोचले. त्यांनी लॉइडचे पाय बांधले, एल्डनची बोटं उलगडायला बघितली. टिल्मन बैलाची वेसण धरणारा माणूस, त्याच्यानं एक बोट हललं नाही. तो म्हणाला, "आर्विड, हे पोर इथे नाहीये."

तेव्हा मला सुचलं. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "पोचलो! एल्डन, आम्ही पोचलो!"

ओठ हलले. "तुम्ही नाही," तो म्हणाला. "आई."

फोनची दोरी दूधखोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येते. म्हणून आम्ही तिघांनी त्या दोघांना, बापलेकांना एकत्र, अडलेलं जनावर सरकवतात तसं ढकलत उंबऱ्यापर्यंत नेलं. मी डाव्या हातानं तुझा नंबर फिरवला. तू फोनवर आलीस, मी काय सांगितलं मला आठवत नाही. रिसीव्हर एल्डनच्या कानाला लावला. तू म्हणालीस, "सोड रे राजा, सोड त्याला." काही झालं नाही. मग तू गप्प झालीस. लॉइडची मान कलली होती. मला वाटलं, संपलं. एक नव्हे, दोघं गेले.

आणि तू म्हणालीस, "एल्डन, मी पोचले. दार लावून घेतलंय. मी पोचले."

हात सुटले. लॉइड खाली पडला आणि त्यानं घेतलेला श्वास मला अजून ऐकू येतो. मी त्या श्वासाबद्दल देवाचे आभार मानले. त्याच्यासाठी नाही, पोरासाठी. शेरिफची गाडी नंतर आली.

एल्डन बराच वेळ हातांकडे बघत होता. मी जवळ गेलो. त्यानं विचारलं, "मामा, मी मारलं का?" मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही." मग तो म्हणाला, "त्या कडेच्या दोघी राहिल्यात धार काढायच्या," आणि स्टूल उचललं.

मी त्याला "तू तसला नाहीस" हे अजून बोललेलो नाही. काल त्याचे मोजे थंड पाण्यात धुतले. बहुतेक त्याला समजलं असावं.

तुझा,
आर्विड


मिलवॉकी
२ फेब्रुवारी १९८२

प्रिय आर्विड,

तुझं पत्र मी लॉन्ड्रीत चादरींच्या ढिगाऱ्यामागे उभं राहून वाचलं.

तू लिहिलंस की मी गप्प झाले. फोन तोंडाशी होता आणि मला काही सुचत नव्हतं. मग तुमच्या खेळाचा नियम आठवला, तू लिहिलेला. दार लावलेलं नव्हतं रे. लॉन्ड्रीला दारच नाही, चादरींच्या गाड्या ढकलायला एक भिंतच मोकळी सोडलीय. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि तारेवर कुणीतरी रडत होतं. ती सिग्ना असणार. मी आयुष्यात एवढं मोठं खोटं बोललेले नाही, आणि अख्ख्या दरीनं ते ऐकलं.

आता मला भीती वाटते ती लॉइडची नाही, म्हणजे त्याचीही वाटतेच. पण जास्त ही, की एल्डनला एक दिवस कळेल मी पोचले नव्हते. त्यानं माझ्या शब्दावर हात सोडले. तो शब्द मला खरा करायला हवा.

मी येतेय. सुट्टी मिळाली की येते. सिग्नाला सांग, आता तारेवर बोललं तरी चालेल.

मारित


लिंडाल दरी
१४ मार्च १९८२

प्रिय मारित,

तू आठवडाभर राहून गेलीस आणि घराला सवय लावून गेलीस. तुझा कप एल्डन कुणाला वापरू देत नाही. ज्युनी म्हणते, तुझ्या आईला खेळात घेऊ या, ती फार छान खोटं बोलते. एल्डन म्हणाला, "माहितीये मला." तेवढंच. मी त्याच्याकडे पाहिलं, तो फासे गोळा करत होता. त्याला माहीत होतं, मारित. बहुतेक त्याच दिवशी. तरी त्यानं हात सोडले.

लॉइडचा खटला वसंतात उभा राहील. शेरिफचा माणूस म्हणाला, बऱ्याच वर्षांसाठी जाईल. बरीच वर्षं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. ट्रकचा आवाज आला की अजून आमच्या माना वर होतात. टिल्मननं दाराला नवी कडी बसवली. मी ती रोज लावतो आणि रोज परत जाऊन बघतो. भीती गेलेली नाही. एवढंच झालंय, की आता ती माझ्या ताटाशेजारी बसलेली नाही, दाराबाहेर आहे.

तू परवा दुपारच्या बसनं निघालीस आणि मागोमाग बर्फ सुरू झालं. संध्याकाळी जेवण झालं तरी तुझी घंटी नाही. मी म्हणालो, बर्फात बस हळू चालते. एल्डन म्हणाला, "हो." मी म्हणालो, तारा बर्फानं तुटतात कधीकधी. म्हणून फोन उचलून पाहिला. तार चालू होती, पण रिकामी नव्हती. कोणी बोलत नव्हतं, नुसते श्वास होते. सिग्ना हलकेच म्हणाली, "आम्ही पण बघत होतो रे चालू आहे का. ठेवा गं सगळ्यांनी, तिला वाट मोकळी करा." एकेक करून सगळे ठेवले गेले. मीही ठेवला.

आम्ही बसून राहिलो. एल्डननं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती, बोटांची पेरं पांढरी. ते हात सोडवणं माझ्या हाती नाही, हे मला आता कळतं.

मग घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड. एकदाच, आणि थांबली. अख्ख्या दरीत कुणीही उचलली नाही.

एल्डननं टेबल सोडलं.

तुझा,
आर्विड